लाइनवर कोण?

३ डिसेंबर. खोली २१ अंश.

आलो बाई एकदाचे! सामान वर चढवताना आमच्या उंटाची कंबर धरली आणि माझा घसा बसला, कारण उचलत होता तो आणि सूचना देत होते मी. उंट म्हणजे माझा नवरा. उंची सहा फूट दोन इंच आणि मान कायम पुढे काढलेली. हे नाव लग्नाआधीच पडलंय, आता त्याची त्यालाही हरकत नसते.

वही नर्सबाईंनी दिली आहे. आमची लेक दीड महिना आधीच जगात आली, एवढीशी, कुठल्याच हिशेबात न धरण्याएवढी. म्हणून तिला लिंबूटिंबू म्हणायला लागलो आणि आता नुसतं लिंबू. नर्सबाईंनी बजावून सांगितलंय की खोली वीस अंशांच्या खाली गेली तर या पोरीचं सगळं दूध अंगातली ऊब राखण्यातच संपेल, वजन वाढणार नाही, आणि छातीत सर्दी उतरली तर पुन्हा दवाखान्यातली काचेची पेटी. म्हणून रोज खोलीचं तापमान टिपायचं, काहीही झालं तरी एक दिवस चुकवायचा नाही. त्या पेटीच्या बाहेर मी एकवीस दिवस उभी राहिले आहे. वही चुकणार नाही.

घर छान आहे. खाली मालकीणबाई एकट्याच राहतात, त्यांना काकू म्हणायचं ठरलं. वरचा मजला आमचा. तीन खोल्या ओळीने आणि त्यांच्या पुढून लांबलचक बोळ. बोळाच्या एका टोकाला स्वयंपाकघर, तिथेच विजेचा बोर्ड. दुसऱ्या टोकाला छतात पोटमाळ्याचं झाकण आणि त्याच्याजवळ खुंटीवर एक तपकिरी कोट. तो काकूंच्या यजमानांचा. ते वायरमन होते, गेल्या थंडीत वारले. कोट तिथेच राहू द्या, एवढं एकच काकूंनी मागितलं. माझे बाबाही वायरमन होते, त्यामुळे मला तर माहेरी आल्यासारखंच वाटलं.

काकू म्हणाल्या होत्या की पुढची खोली वापरा, मधली बंदच असते. पण पुढच्या खोलीला दोन खिडक्या आणि दोन्हींतून वारा शिट्टी वाजवत येतो. मधली चांगली आतल्या बाजूला, उबदार. मी सरळ कडी काढली. बोर्डावर मधल्या खोलीचा चार नंबरचा फ्यूज नव्हता, नुसती रिकामी खाच. जुनेच चिनी मातीचे फ्यूज आहेत, बाबांच्या अवजारांच्या डब्यात तसलेच चारपाच पडलेत. एकाला नवी तार बांधली, आणि लावायच्या आधी रीतीप्रमाणे ओरडले, "लाइनवर कोण?" दहापर्यंत मोजलं. वर कुठेतरी उंदीर खुडबुडला, बाकी कुणी ओ दिली नाही. फ्यूज बसवला. त्याच वेळी पोटमाळ्यावर काहीतरी धप्पकन पडलं. जुनं लाकूड, दुसरं काय. अर्ध्या तासात खोली एकवीस. लिंबू हातपाय ताणून झोपली आहे, कमरेवर हात ठेवलेल्या बाईसारखी.

६ डिसेंबर. खोली २२. लिंबूचं वजन तीन किलो दोनशे.

आज उंटाची शिकवणी घेतली. हीटर फक्त भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला, एक्स्टेंशनला कधीच नाही. हीटरवर दुपटी वाळत घालायची नाहीत. तासाभराने प्लगला हात लावून बघायचा, कोमट चालेल, गरम झाला तर बंद. ओल्या हाताने बटणाला हात लावलास तर तोच हात मी मोडीन.

मग बाबांचा मुख्य नियम. तारेवर काम करणाऱ्याने फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. ज्याने काढला त्यानेच परत लावायचा. आणि दुसऱ्या कुणाला खाच रिकामी दिसली तर आधी ओरडून विचारायचं. माणूस पोटमाळ्यावर असला तर त्याला खालची हाक ऐकू जाते, पण त्याचं बोलणं खाली कळत नाही. म्हणून त्याने पक्कडीने वाशावर तीन ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे मी लाइनवर आहे, थांब.

उंट म्हणाला, तुमच्या घरात लहानपणी गोष्टी सांगायचे की असलंच काहीतरी? म्हटलं, असलंच. पण शिकला मात्र पटकन. तारेच्या तुकड्यावर मी त्याला जोड मारायला शिकवलं, सोलायची, पीळ द्यायचा, टेप गुंडाळायची. त्याचा तिसरा जोड बाबांनीही चालवून घेतला असता. हे त्याला सांगितलं नाही, उगाच डोक्यावर चढून बसायचा.

९ डिसेंबर. सकाळी ११ ला खोली १७. दुपारी २१.

लिंबूला न्हाऊमाखू घालून आणलं तर हीटर गार. म्हटलं फ्यूज उडाला. बोर्ड उघडला तर फ्यूज उडालेला नव्हता, जागेवरच नव्हता. चार नंबरची खाच रिकामी.

उंट सकाळीच कामावर गेलेला. घर पालथं घातलं. शेवटी बोळातून येताना कोटाचा उजवा खिसा फुगलेला दिसला. हात घातला तर आत दोन फ्यूज. एक माझा, नव्या चकचकीत तारेचा. दुसरा जुना, त्याच्यावर पेन्सिलीने चारचा आकडा.

मला उंटाचा संशय आला, शिकवणीचा सूड म्हणून. संध्याकाळी त्याला फैलावर घेतलं तर तो लिंबूच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणाला. मग काकू? पण काकूंचे गुडघे गेलेत. गेल्या थंडीपासून त्या जिना चढलेल्याच नाहीत, किल्ल्यासुद्धा आम्हाला खालीच दिल्या.

फ्यूज लावला तेव्हा पुन्हा वर धप्प झालं.

११ डिसेंबर. सकाळी १६. मग २१.

जिन्याच्या दाराला आतून कडी होती. घरात मी आणि लिंबू. लिंबूला अजून मान धरता येत नाही, तेव्हा तिच्यावर आळ घेता येणार नाही.

फ्यूज पुन्हा गेला. पुन्हा कोटाच्या खिशात.

मी घाबरट नाही. पाचव्या वर्षी शॉक खाऊन बाबांच्या आधी मीच हसले होते. पण कोटाच्या खिशात हात घालायच्या आधी आज देवाचं नाव घेतलं, हे खरं आहे. नर्सबाई वाचतील म्हणून खोटं कशाला लिहू?

१२ डिसेंबर. दुपारी ३ ला १७.

फ्यूज गेला होता. मी बोर्डापुढे उभी राहिले आणि सवयीने विचारलं, लाइनवर कोण?

वरून ठोके आले. टक, टक, टक. तीन. सावकाश, नीट मोजून, कामाची सवय असलेल्या माणसासारखे.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तीन.

लिंबू शिंकली. तिची पावलं हातात घेतली तर गारगोटी. मी फ्यूज बसवला. धप्प. त्यानंतर वर एकदम शांत.

१४ डिसेंबर, रविवार. खोली २०, पण मेन बंद होता तासभर, तेव्हा १६.

उंट म्हणाला उंदीर आहेत, दाखवतो तुला. मेन बंद केला, शिडी लावली, टॉर्च घेऊन वर गेला. मी खाली शिडी धरून उभी, एका हातात लिंबू.

पाचच मिनिटांत उतरला आणि पाणी मागितलं. वर उंदीर नाहीत, एक लेंडीसुद्धा नाही. चार नंबरच्या वायरचा जोड अर्धवट सोडलेला आहे. दोन्ही टोकं सोललेली, उघडी, दीड पीळ दिलेला आणि तिथेच काम थांबलंय. शेजारी टेपचं रीळ आणि पक्कड. वर इतकी थंडी की तोंडातून वाफ निघत होती, आणि पक्कड हाताला कोमट लागली, असं तो म्हणाला. आत्ताच कुणीतरी हातातून खाली ठेवावी तशी.

उघड्या तारेवर मी अकरा दिवस हीटर चालवतेय! वायरमनची मुलगी म्हणवते मी स्वतःला. बाबा असते तर बोलले नसते, नुसते बघत राहिले असते.

गावातल्या वायरमनला फोन केला. थंडीत घरोघरी काही ना काही जळतंय, शुक्रवारी एकोणीस तारखेला येतो म्हणाला. पाच दिवस. उंट म्हणाला, जोडच मारायचाय ना, मी मारतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. त्याने मान डोलावली.

१५ डिसेंबर. पुढची खोली १४. वजन तीन किलो एकशे चाळीस.

चार नंबर बंद ठेवायचा ठरवलं आणि लिंबूला पुढच्या खोलीत हलवलं. तिथलं सॉकेट हीटरचा भार घेईना, ठिणगी उडाली. मग जे जन्मात केलं नाही ते केलं, स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन ओढलं. वीस मिनिटांत प्लग तपकिरी झाला आणि जळका वास सुटला. उपटून फेकून दिलं.

नर्सबाई आल्या. वजन साठ ग्रॅमने उतरलंय. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. पुढच्या सोमवारी आणखी उतरलं तर पेटी, असं म्हणाल्या आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लिंबूला परत मधल्या खोलीत नेलं. फ्यूज लावला. विचारलं नाही. कानात बोटं घालायला तिसरा हात नव्हता, म्हणून धप्प ऐकू आलंच.

१६ डिसेंबर. १९, १६, २०, १६, १९, १६, २०.

आज तीनदा काढला. तीनदा लावला.

दुपारी लिंबूला शालीत गुंडाळून खाली काकूंकडे गेले. म्हटलं, तुमचे यजमान कसे वारले ते सांगा. त्या आधी गुडघ्याबद्दल बोलायला लागल्या, मग लिंबूकडे पाहून थांबल्या.

तेव्हा ती दोघं वरतीच राहायची. मधल्या खोलीतला दिवा लुकलुकत होता म्हणून यजमान पोटमाळ्यावर चढले. फ्यूज काढला, कोटाच्या खिशात घातला. थंडी म्हणून कोट अंगातच होता. काकू तेव्हा तापाने फणफणलेल्या, मधल्या खोलीत पडलेल्या. जाग आली तर हीटर गार. वाटलं फ्यूज उडाला. बोर्डाजवळ गेल्या, फळीवरचा जादाचा फ्यूज घेतला.

"वरून तीन ठोके आले," काकू म्हणाल्या. "मला वाटलं उंदीर."

लोकांना त्यांनी शॉर्ट सर्किट झालं म्हणून सांगितलं. वर्षभरात हे ऐकणारी मी पहिली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचं काम अर्धं राहिलंय, म्हणाल्या, ते काम सोडून खाली यायचे नाहीत. कुणी करंट दिला की ते फ्यूज काढून खिशात घालतात, शिस्तीचा माणूस. तू लावू नकोस गं. दर वेळी त्यांना पुन्हा लागतं.

धप्प. नऊ वेळा धप्प. मोजलं मी.

मला दया यायला हवी होती. आला राग. म्हटलं, "मेलेल्याला जपू की जिवंत लेकीला, काकू?"

त्यांनी लिंबूची सुटलेली शाल नीट गुंडाळली.

संध्याकाळी उंटाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ लिंबूची पावलं तळहातात धरून बसला. मग म्हणाला, म्हणजे जोड पूर्ण झाला तर तेही सुटतील आणि हीही. म्हटलं, शुक्रवारी वायरमन येतोय, तोपर्यंत तू वर पाऊल ठेवायचं नाहीस. पुन्हा तशीच मान डोलावली.

१७ डिसेंबर. सकाळी ९. खोली १९.

लिंबूचा खोकला. मला झोप नाही. उंट कामावर गेला. जाताना म्हणाला, दिवसा जरा पड.

दोनदा फ्यूज लावला. विचारत नाही. ठोके ऐकायचेच नाहीत मला.

१७ डिसेंबर. दुपारी १.४०. खोली १५.

डोळा लागला. किती वेळ कळलं नाही. जाग आली ती गारठ्याने. लिंबूचे ओठ निळसर. अंगावर उंटाचा स्वेटर आहे, कधी घातला आठवत नाही, झोपेतच घातला असेन.

चार नंबर रिकामा. हा माणूस माझ्या पोरीचा जीव घेणार.

बोर्डापुढे गेले. आज मुद्दाम विचारलं, ओरडून विचारलं, लाइनवर कोण? तीन ठोके आले. मी म्हटलं, ऐकू आलं, पण आज तुझं ऐकणार नाही. पुन्हा तीन. मग तीन, तीन, घाईघाईने. आज फार घाई होती त्याला.

डब्यातला जादाचा फ्यूज बसवला.

धप्प. नेहमीपेक्षा जड.

हीटर लाल झालाय. लिंबू पिते आहे. ओठांचा रंग परत येतोय. जीवात जीव आला.

१.५५. खोली १७.

तो काढलेला फ्यूज आणून ठेवते, पुन्हा लागेल. कोटाकडे जाऊन —

२.१०

कोटाच्या खिशात एकच. जुना चारचा आहे. माझा नाही. डावा खिसाही पाहिला.

झाकणाखाली शिडी. शिडीपाशी बूट. मोठे. एकात एक मोजा खुपसलेला, तो नेहमी तसाच —

बोर्डाकडे धावले, फ्यूज उपटला. माझ्या खिशात आहे. हाक मारली. नावाने मारली. काकूंना मारली —

२.४०. खोली १६.

काकू जिना चढून आल्या. मला शिडीवर जाऊ दिलं नाही, पोर घे म्हणाल्या. स्वतः चढल्या. त्या गुडघ्यांनी.

उतरल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. श्वास नाही, म्हणाल्या. माझा तळवा उघडून त्यात फ्यूज ठेवला. चकचकीत तारेचा. त्याच्या शर्टाच्या खिशातला.

जोड झाला होता, म्हणाल्या. नुसती टेप राहिली होती.

त्याने ठोके दिले होते. मीच शिकवले होते. थांब म्हणून —

३.१५. खोली १४.

डॉक्टरांची गाडी निघाली आहे म्हणे. काकू लिंबूला छातीशी घेऊन बसल्यात. तापमान लिहायचं. चुकवायचं नाही. दोन्ही फ्यूज माझ्या खिशात. आता कुणी लावणार नाही. कुणीच —

३.२०

कोट खुंटीवर नाही. खाली पडलाय, रिकामा. काकू म्हणाल्या, सुटले.

मग वर हे कोण?

टक टक टक.

काकू मान वर करत नाहीत. त्यांनी वर्षभर ऐकलंय, त्यांना कळतं. मला पण कळतंय, घाईचे आहेत, तसेच आहेत —

टक टक टक.

विचारते. एकदा नीट विचारते, आणि दहापर्यंत मोजते, आणि या वेळी थांबते. लाइनवर को